‘व्हायरल’च्या गोळ्या आणि ईसीजीची पट्टी

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. उभा जन्म ईसीजी काढण्यात गेला, आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या जाऊबाईंना ताप आला, सोबत उलट्या-जुलाब. मुलगा चौकातल्या औषधाच्या दुकानात गेला (आमच्याकडे नुसतं ‘मेडिकल’ म्हटलं की सरकारी दवाखाना समजतात, म्हणून दुकान म्हणते). ‘व्हायरल आहे’ एवढंच बोलला आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन व उलटीची डोमपेरिडोन घेऊन आला. चिठ्ठी कोणी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊबाई मोरीत चक्कर येऊन पडल्या.

पट्टी मी स्वतः पाहिली. त्या कागदावर मोठा चौकोन म्हणजे २०० मिलिसेकंद. ठोक्याच्या रेघेत ‘क्यू’ नावाच्या खुणेपासून ‘टी’ नावाची लाट संपेपर्यंतचं अंतर, म्हणजे क्यूटी, नाडीचा वेग हिशेबात धरून, अडीच चौकोनांवर गेलं की आम्ही डॉक्टरांना हाक मारतो. त्यांचं गेलं होतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पोटॅशियम बाहेर सोडून पुढच्या ठोक्याला तयार होतो. या दोन्ही गोळ्यांनी ती तयारी लांबते. त्यात जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं, आणि बायकांचा क्यूटी मुळातच पुरुषांपेक्षा थोडा लांब. अशा वेळी पट्टीवर ठोक्यांना दोरीसारखा पीळ पडू शकतो. त्याला टोर्साड म्हणतात. त्यात माणूस जाऊही शकतो. जाऊबाई तिथवर पोचल्या नाहीत. गोळ्या थांबवल्या, सलाइनमधून पोटॅशियम-मॅग्नेशियम दिलं, निभावलं.

बहुतेकांना अ‍ॅझिथ्रो बाधत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण व्हायरलला ती हवी कशाला? ते जिवाणूंवरचं औषध. विषाणूचं त्याने काही बिघडत नाही. ठोक्यांवरच्या तिच्या परिणामाचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१३ मध्येच दिला होता. कोविडात ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या गोळीच्या जोडीने दिली गेली, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये त्या जोडीबद्दलही दिला. आपल्या सरकारने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीला मार्च २०२० मध्येच शेड्यूल एच१ चे नियम लावले, म्हणजे दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची. कोविड सरला. जोडीतली दुसरी गोळी मात्र घरोघरच्या डब्यात मुक्कामाला राहिली.

नवा कायदा मागत नाही. चिठ्ठीशिवाय अ‍ॅझिथ्रो विकू नये हा नियम आहेच. तुमच्या औषध निरीक्षकांनी इतवारी, महाल, सक्करदऱ्यात साध्या कपड्यांत एक फेरी मारावी. प्रत्येक काउंटरवर मराठी-हिंदीत पाटी लावायला सांगा: हृदयाचं औषध चालू आहे का? उलट्या-जुलाब होताहेत का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर गोळी नाही, आधी डॉक्टर आणि ईसीजी. पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. आरोग्य खात्याशी बोलून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू मशीन आहे का, तेही विचारा. धूळ खात पडलेली मी पाहिली आहेत.

डिसेंबरात अधिवेशनाला याल, तेव्हा गाडी विधान भवनापाशी सोडा आणि बर्डीपर्यंत (सीताबर्डीच्या बाजारापर्यंत) पायी या. वाटेत एखाद्या दुकानात मफलर गुंडाळून ‘भाऊ, व्हायरल झालं’ म्हणा. काय हातात पडतं ते बघा.

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, नागपूर