टीमलीड झालेल्या मुलास

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या टीममधली एक जण बाळंतपणाच्या रजेवर चाललीय आणि तू विचारतोस, सहा महिने माणूस कमी, मी काय करू? आधी एक पक्कं कर: ही रजा तू देत नाहीस, कायदा देतो. सिस्टीममध्ये 'अप्रूव्ह'चं बटण तुझ्याकडे आहे इतकंच. तुझ्या हातात हिशेब, हँडओव्हर (काम दुसऱ्याकडे सोपवणं) आणि अप्रेझल (वर्षाच्या कामाचं मूल्यमापन), आणि घोळ होतो तोही तिथेच.

१९६१चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण आकडे तेच राहिले. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त ८. दोन मुलं असतील तर पुढच्या खेपेला १२. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस. रविवारचे पैसे कापता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे २६ आठवड्यांचे १८२ दिवस. प्रसूतीची तारीख १० नोव्हेंबरची असेल तर ती लवकरात लवकर १५ सप्टेंबरला रजा सुरू करू शकते आणि मग १६ मार्चला परत येईल. १ नोव्हेंबरपर्यंत थांबली आणि त्या दिवसापासून रजा घेतली, तर २ मेला. कधी थांबायचं ते ती आणि तिची डॉक्टर ठरवतील. "अजून तर बरी दिसतेस" हे वाक्य तुझ्या तोंडून येता कामा नये.

"ती तर प्रोबेशनवर आहे" असं एचआरमधून कुणी म्हणालं तर पटकन मान डोलावू नकोस. अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे, आणि पगारी सुट्ट्याही त्या ८०मध्ये धरतात. पैसे निघतात ते रजेआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांच्या सरासरीवर, आणि ती सरासरी काम केलेल्या दिवसांची. त्या महिन्यांत उलट्यांमुळे तिची दहा दिवस बिनपगारी रजा झाली असेल, तर भागाकारात ते दहा दिवस येत नाहीत. पेरोलवाले इथे हमखास चुकतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे, गरोदरपणातून आजार उद्भवला तर जादा एक महिना. अशा रजेचं कारण टीमच्या कॅलेंडरवर झळकू देऊ नकोस, तिथे नुसतं 'रजा' पुरे.

आता हँडओव्हर. डॉक्टरने दिलेली तारीख हा अंदाज असतो. ३७ आठवडे झाले की बाळ कधीही येऊ शकतं. म्हणून ३४व्या आठवड्यापर्यंत, आणि ती त्याआधीच रजेवर जाणार असेल तर ती जायच्या आधी, काम पूर्ण हातावेगळं व्हायला हवं. नुसती फाइल लिहून घेऊ नकोस. जो काम घेणार आहे त्याने ती शेजारी असताना एक पूर्ण फेरी स्वतः करावी: महिनाअखेरचा रिपोर्ट असेल तर तो काढून क्लायंटला पाठवण्यापर्यंत. अडतं कुठे ते तेव्हाच कळतं. बहुधा एखादी परवानगी तिच्या एकटीच्या लॉगिनवर असते, आणि मग बारशाच्या दिवशी तिला फोन जातो. तो फोन करायचा नाही. आणि सगळं काम 'तिला कुठे मुलंबाळं आहेत' म्हणून एकाच अविवाहित मुलीच्या गळ्यात घालू नकोस. चार महिन्यांनी ती चिडते, आणि राग निघतो रजेवर गेलेलीवर. वाटणी तुझी होती, तर तो राग तुझ्यावर निघायला हवा ना?

अप्रेझल तर सगळ्यात नाजूक. वर्षाला २४ मॉड्यूलचं टार्गेट आणि ती सहा महिने कामावर, तर टार्गेट १२. त्या १२ पैकी ११ झाले तर ११ भागिले १२. २४ने भागलंस तर रजेची शिक्षा केलीस. ती जायच्या आधीच तिच्या कामाची टिपणं लिहून ठेव, कारण मार्चमध्ये सगळ्यांना फक्त शेवटचे तीन महिने आठवतात आणि बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरावीक जणांना खालची श्रेणी द्यावीच लागते त्या पद्धतीत, खाली ढकलायला गैरहजर माणूस सोयीचा पडतो. रजेत तिला काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटीही तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. परत आल्यावर 'हलकं काम' म्हणून चांगला प्रोजेक्ट परस्पर काढून घेतला, तरी ते त्याच जातीचं. तिला विचार.

आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत तिला रोज दोन जादा ब्रेक मिळतात. दूध काढायला दर तीनेक तासांनी पंधरा-वीस मिनिटं लागतात, आतून कडी लागणारी खोली, प्लग आणि फ्रीज. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, त्याहून जास्त नाही. टॉयलेट ही ती खोली नव्हे, हे ॲडमिनला सांगावं लागतं, आश्चर्य आहे! त्या वेळांवर मीटिंग टाकू नकोस.

ऑफिसात डोहाळजेवण करायचं टीमच्या मनात असेल तर आधी तिला एकटीला विचारा. काहींना आवडतं, काहींना मुळीच नाही.

आणि टीममधल्या एखाद्या बाप होणाऱ्या मुलाने रजा मागितली तर "तू घरी काय करणार?" असं हसू नकोस. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात. खासगीत कायदा नाही, सगळं कंपनीच्या पॉलिसीवर. पॉलिसी काय म्हणते ते एचआरकडून लेखी मागव.

तुझी,
आई

ता. क. ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. तुमच्याकडे आहे का, ते ती रजेवर जायच्या आधी विचारून घे.