उत्तर येईपर्यंत

शिकागो
२४ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस आणि आजीस साष्टांग नमस्कार,

पीएचडीच्या अर्जांना होकार अजून कुठूनच आलेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. फोनवर आपलं बोलणं "काही कळलं का गं?" पासून सुरू होतं आणि तिथेच संपतं, म्हणून कागदावर लिहायला बसले आहे. फोटो काढून पाठवीन. बाबा, आजीला मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी तुमच्या काळजीचं उत्तर. पीएचडीचे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले. जानेवारी-फेब्रुवारीत विभागातले प्राध्यापक बसून अर्ज वाचतात, कुठे मुलाखती होतात, कुठे त्याही होत नाहीत. पहिल्या फेरीत ज्यांना बोलावलं जातं त्यांच्याकडे बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त होकार असतात. त्यांनी एक जागा धरून बाकीच्या सोडल्या की वेटलिस्ट सरकते. बहुतेक विद्यापीठांनी आपसात मान्य केलेली तारीख १५ एप्रिल आहे. त्याआधी कुणी विद्यार्थ्याला होकार द्यायची सक्ती करायची नाही, असा तो करार. (बाबा, १५ एप्रिल म्हणजे सुरेश भटांचा वाढदिवस, तुमच्या लक्षात असेलच.) त्यामुळे फेब्रुवारीतल्या गप्प बसण्याचा अर्थ नकार असा नाही. काही नकार आले आहेत, ते मी कळवलेच. एका ठिकाणची मुलाखत चांगली झाली. मोसमी पावसावर त्यांनी खोलात जाऊन विचारलं, मलाही बोलायला मजा आली. आता माझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "मग नोकरी सोडून बाकीचा वेळ करतेस काय?" वाचते. अभ्यासाचं नाही. मनाला येईल ते.

हे एवढं आवर्जून सांगते आहे, कारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी जे वाचलं ते सगळं कशासाठी तरी होतं. ज्या प्राध्यापकांकडे अर्ज करायचा त्यांचे पेपर, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध, विभागाची पानं. प्रत्येक परिच्छेद वाचताना डोक्यात एकच, यातलं एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, काय टाकता येईल? अर्ज गेल्यावर पहिल्यांदा एक कादंबरी हातात घेतली तेव्हा माझी पेन्सिल आपोआप ओळींखाली रेघा मारू लागली. दोन पानं झाल्यावर ध्यानात आलं, मी गोष्ट वाचतच नव्हते, कामाचं काही सापडतं का ते बघून राहिले होते. पेन्सिल टेबलाच्या खणात ठेवली. ती सवय जायला बरेच दिवस लागले.

मग मराठी पुस्तकं शोधायला इथल्या विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात गेले. राखाडी दगडाची अवाढव्य इमारत आहे, १९७० साली उघडलेली. ती जिथे उभी आहे तिथे पूर्वी खेळाचं मैदान होतं, आणि त्या मैदानाच्या प्रेक्षकांच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. बाबा, तुमचं एलआयटी कॉलेजही १९४२ चंच. एकाच वर्षात इकडे हे आणि तिकडे अमरावती रोडवर ते, असं मनात आलं आणि तुमची फार आठवण आली.

मराठी साहित्य तिथे 'पीके' या अक्षरांखाली लागलेलं आहे. मी दिवा लावला आणि बघतच राहिले. एका ओळीला जाड कापडी बांधणीची पुस्तकं, पाठीवर रोमन लिपीत मराठी नावं, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा नि खाली टिंबं. कादंबऱ्या, कवितासंग्रह, संतांचे अभंग, कुठल्या कुठल्या तालुक्यांचे इतिहास. मी काढलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आत कागद चहासारखा तांबूस झालेला, कडा हात लावला की तुटतील अशा. मागच्या आतल्या बाजूला परतीच्या तारखांची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर थोडेसेच शिक्के, आणि शेवटचा शिक्का माझ्या जन्माच्या आधीचा. कुणीतरी पेन्सिलीने समासात 'सोवळे' या शब्दापुढे बारीक इंग्रजीत अर्थ लिहून ठेवला आहे. त्या माणसाने हे पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक ओळ करत वाचलं असणार.

आजी, ही पुस्तकं इथे कशी आली ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तुझ्या रेशनच्या गव्हाचा हात आहे. तू सांगायचीस ना, लाल गहू यायचा, पोळी मऊ व्हायची नाही आणि दुकानापुढे रांग लागायची? तो अमेरिकेचा गहू, पीएल ४८० म्हणून १९५४ साली इथे झालेल्या कायद्याखाली आलेला. भारत त्याचे पैसे डॉलरमध्ये देत नव्हता, रुपयांत देत होता, आणि ते रुपये भारतातच अमेरिकी सरकारच्या खात्यात साठत होते. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या रुपयांतून पुस्तकं घ्यायला परवानगी मिळाली. १९६२ पासून इथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कचेरीने भारतात छापली जाणारी पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी, तमिळ, बंगाली, सगळ्या भाषांतली. त्या गव्हाबरोबरच गाजरगवत आलं असंही लोक म्हणतात, ते आपल्या शेताच्या धुऱ्यावर अजून आहेच. पण मी मात्र त्या व्यवहाराला मनापासून दुवा देते. तू रांगेत उभी राहून घेतलेल्या गव्हाच्या पैशातून आलेल्या पुस्तकांच्या रांगेत मी आज उभी राहते, ही गोष्ट मला रात्री झोपताना आठवली तरी बरं वाटतं. तुला तेव्हाचं जे जे आठवत असेल ते बाबांना सांग, त्यांनी लिहून घ्यावं.

आता लक्ष्मीबाईंबद्दल. आई, तू हे पुस्तक शाळेत धड्यापुरतं वाचलं असशील. सबंध वाच, मी हट्टच धरते. आज त्यांचा स्मृतिदिन, त्या २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या. पुस्तक १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागांनी निघालं. बाईंना शाळा अशी नाहीच. लग्न अकराव्या वर्षी, घरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय पुढे जायची नाही. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक, उदार, हाती आलेला पैसा देऊन टाकणारा आणि मनात आलं की घर सोडून चालू पडणारा. या माणसाबरोबरचा संसार त्यांनी असा लिहिला आहे की त्या समोर बसून बोलताहेत असं वाटतं. आपलं दुःख सांगता सांगता त्या हसतात, आणि वाचणाऱ्याला आधी हसू येतं, मग रडू. मी त्यांच्यासारखं गद्य दुसरं वाचलेलं नाही.

आणि त्यात आपलं नागपूर आहे! टिळक काही काळ तिथल्या अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी. बुटी हे नाव मी सीताबर्डीवर लहानपणापासून ऐकत आले आहे. शिकागोत, बाहेर उणे बारा असताना, ते नाव छापील पानावर दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारी कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी त्याला धरून सगळं सांगितलं असतं.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. चार-पाच वर्षं. त्या काळात पत्रं यायची, निरोप यायचे, आज भेट होईल, उद्या होईल असं चालायचं. पुढे काय होणार हे त्यांच्या हातात नव्हतं. मला हा भाग दोनदा वाचावासा वाटला. त्यांचे ते दिवस रिकामे नाहीत. भांडणं आहेत, स्वयंपाक आहे, मुलाची दुखणी आहेत, नातेवाइकांचे टोमणे आहेत, आणि आतल्या आत एक बाई जातीपातीबद्दल स्वतःच्या डोक्याने विचार करू लागली आहे. शेवटी त्या टिळकांकडे गेल्या तेव्हा त्या आधीच्या लक्ष्मीबाई राहिल्या नव्हत्या. मी वाट बघते आहे ती काही तशी नाही, एवढं मला कळतं. पण ईमेल उघडून बघायचा हात त्या पानांमुळे थांबला, हे खरं आहे.

वाचायची वेळ मी ठरवून घेतली आहे. विद्यापीठांच्या कचेऱ्यांमधून ईमेल येतात ते बहुतेक कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळात. संध्याकाळी सहानंतर सहसा काही येत नाही. म्हणून घरी आल्यावर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते आणि खोलीत वाचत बसते. बाबा, तुम्ही फुटाळ्यावर फिरायला निघताना साडेसहाला फोन करता, तेव्हा इथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. फोन उचलायला उशीर होतो तो याचमुळे. झोपले आहे किंवा रडत बसले आहे असं समजू नका. शनिवार-रविवारी तर ईमेलची भीतीच नाही. त्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसते ती दुपारी भूक लागली की उठते.

सगळंच संपवते असंही नाही. एक गाजलेली जाडजूड रशियन कादंबरी अर्ध्यावर सोडली, मन लागेना. अभ्यासाचं पुस्तक असतं तर ओढत नेलं असतं. आवडीने वाचायचं म्हटल्यावर न आवडलेलं बाजूला ठेवायची मुभा पाहिजे, नाहीतर तेही कामच होऊन बसतं. मधे कंटाळा आला तेव्हा आठवडाभर फक्त कविता वाचल्या, त्याही मोठ्याने, खोलीचं दार लावून. दिवसभर इंग्रजी बोलून तोंड वेगळ्याच वळणाचं होतं. ग्रेसांच्या ओळी म्हणताना सगळ्यांचा अर्थ लागतो असं नाही, पण लय अंगात उतरते आणि धरमपेठेतली संध्याकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते.

आता ज्या कामासाठी पत्र लिहायला घेतलं ते. रोहनने मला सांगितलं की त्याच्या टेबलावरची गोष्टीची पुस्तकं आईने माळ्यावर टाकली आहेत, जेईई होईपर्यंत. आई, तू रागावू नकोस, तुझी काळजी मला समजते. बारावीचे पेपर चालू आहेत, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र आहे, आणि घरात कुणी कादंबरी घेऊन बसलेलं दिसलं की पोटात गोळा येतो. पण तो पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत चार पर्यायांतला एक निवडून राहिला आहे. त्याने वाचलेल्या प्रत्येक ओळीवर कुणीतरी मार्क देणार आहे. रात्री झोपण्याआधी अर्धा तास त्याला असं काही वाचू दे, ज्याची परीक्षा कधीच होणार नाही. त्याचा अभ्यास त्याने बुडणार नाही. उलट मोबाईल हातात घेऊन पडण्यापेक्षा त्याला झोप चांगली लागेल, हे मी स्वतःवरून सांगते. माझ्या दहावीच्या वर्षी बाबा मला रविवारी बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला न्यायचे, पेपर महिन्यावर आले तरी नेत होते. दहा-वीस रुपयांत दोन पुस्तकं आणि येताना तर्री पोहे. त्या वर्षातलं मला आज तेवढंच स्वच्छ आठवतं. रोहनला तो रविवार मिळालाच नाही, कारण त्याच्या क्लासला रविवारची टेस्ट असते. बाबा, त्याचे पेपर संपले की एक दिवस टेस्ट चुकवून त्याला घेऊन जा. पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या. भुताटकीचं घेतलं तरी चालेल.

आजी, मृग बहाराची संत्री आली असतील. इथे मिळतात ती दिसायला सुंदर, सोलायला सोपी, पण तो आंबटगोड रस नाही आणि सोलताना हाताला येतो तो वासही नाही. माझ्या वाटचं एक तू खा.

एप्रिलच्या शेवटी ऑफिसातली एक मुलगी पुण्याहून इकडे परत येणार आहे, ती पाच किलो आणायला तयार आहे. आई, त्यात संत्रा बर्फीचा एकच डबा ठेव. बाकीचं वजन पुस्तकांना. माळ्यावर जी टाकलीस त्यातली रोहनची नकोत, ती त्याच्या टेबलावर जाऊ देत. माझ्या लोखंडी कपाटातल्या खालच्या कप्प्यात कवितांची पुस्तकं आहेत, ती सगळी. आणि बाबा, झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाकडे एक चक्कर मारा. त्यांच्या 'युगवाणी'चे जुने अंक विकत मिळतात का ते विचारा, मिळाले तर दोन-चार घ्या.

सकाळच्या फोनवर यापुढे "काही कळलं का" विचारू नका. मी सध्या काय वाचते आहे ते विचारा आणि तुम्ही काय वाचताय ते सांगा. होकार आला तर तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी मी फोन करून सगळ्यांना उठवीन, आजीलासुद्धा.

तुमची,
मुक्ता