पावतीच्या कागदात काय आहे, ते छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला. आहार, व्यायाम, झोप, ताण, सगळं त्यात आहे. प्लॅस्टिकशी निगडित रसायनांबद्दल मात्र एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

मी बिलिंग काऊंटरवर बसते. पावत्या फाडून लोकांच्या हातात देणं, हे दिवसभराचं काम. हा थर्मल कागद असतो. शाई लागत नाही, कागदावरचा लेप उष्णतेनं काळा पडतो. नुसतं नख ओढलं तरी रेघ उमटते. त्या लेपात वर्षानुवर्षं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, वापरलं गेलं. कडक पारदर्शक प्लॅस्टिक ज्यापासून बनतं, तेच हे रसायन. प्लॅस्टिकमध्ये ते बहुतांशी बांधलेलं असतं. कागदावर मोकळं असतं, बोटांना लागतं आणि त्वचेतून आत जातं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांनी सलग दोन तास पावत्या हाताळल्या, तर त्यांच्या लघवीतलं बीपीए वाढलं. हातमोजे घातल्यावर तशी वाढ दिसली नाही. सॅनिटायझरनं ओल्या झालेल्या हातांना ते जास्त लागतं, हेही त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं. आमच्याकडे सॅनिटायझरची बाटली प्रिंटरला टेकूनच असते!

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची (हार्मोनची) नक्कल करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त स्रवलं आणि पुढे शरीर त्याला दाद देईनासं झालं. प्लॅस्टिक मऊ करणारी काही थॅलेट रसायनं चरबीच्या पेशी तयार व्हायला चालना देतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. लघवीत बीपीए जास्त असलेल्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळल्याचं 2008 सालीच प्रसिद्ध झालं. एवढ्यावरून बीपीएमुळेच मधुमेह होतो असं ठरत नाही, हे मला कळतं. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा 20,000 पटींनी खाली आणली. त्यामागचं मुख्य कारण रोगप्रतिकारशक्तीवरचा परिणाम हे होतं. तरीही इतकी वर्षं ‘सुरक्षित’ म्हणून काय चालवून घेतलं, हा प्रश्न उरतोच.

बीपीए बरंचसं एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. ही दिलाशाची गोष्ट आहे, पण रोज नव्यानं हात लागत असेल तर तिचा उपयोग काय? घरात निदान काही करता येतं. 2011 मधल्या एका प्रयोगात पाच कुटुंबांनी तीन दिवस प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं आणि डबाबंद अन्न टाळलं, तेव्हा त्यांच्या शरीरातलं बीपीए सरासरी दोन तृतीयांशानं घटलं. काऊंटरवर कागद कोणता यायचा, ते मी ठरवत नाही.

युरोपात 2020 पासून अशा कागदातल्या बीपीएवर कडक मर्यादा आहे. मग बऱ्याच कागदांत बीपीएस, म्हणजे बिस्फेनॉल एस, आलं. तेही त्याच कुळातलं आणि संप्रेरकांत तशीच ढवळाढवळ करणारं. त्यामुळे ‘बीपीए-मुक्त’ हा शिक्का मला पुरेसा वाटत नाही. त्याऐवजी काय घातलं आहे, ते प्रत्येक रोलवर छापणं सक्तीचं करा. बिस्फेनॉल अजिबात नसलेला थर्मल कागद बनतो, तो वापरा. मागितल्याशिवाय पावती छापू नका. आणि डॉक्टरांना विनंती, साखर वाढलेल्या माणसाला किती चालता हे विचारता, तसं दिवसभर हातात काय असतं, हेही विचारा.

– एक बिलिंग कर्मचारी