डे-केअरच्या सिस्टर, तुम्हाला

सिस्टर,

तुम्हाला मी आठवत असेन असं नाही. आईच्या प्रत्येक केमोला फाईल मांडीवर घेऊन बसणारा, १५ वर्षांचा, जरा आगाऊ मुलगा. बाबांची रजा संपलेली, म्हणून मी.

डॉक्टर काही सांगायला लागले की मोठी माणसं मला म्हणायची, "तू बाहेर थांब." आणि रात्री आईजवळ मात्र मीच! तुम्ही पहिल्याच दिवशी मला शेजारी बसवलंत आणि ते लाल औषध दाखवलंत. "आज-उद्या लघवी लाल होईल. रक्त नाही ते, औषधाचा रंग आहे." त्या रात्री आईने बाथरूममधून घाबरून हाक मारली, तेव्हा मी दाराबाहेरूनच तिला हे सांगू शकलो.

वहीत लिहून घ्यायलाही तुम्हीच लावलंत. केमोनंतर साधारण ७ ते १४ व्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. ताप १००.४ झाला की लगेच फोन, मग कितीही वाजलेले असोत. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप झाकला जातो.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, पहाटे तीनला, १०१ भरला. काकू म्हणाली, "गोळी दे, सकाळी बघू." मी वही तिच्यापुढे धरली आणि फोन लावला. चार दिवस अँटिबायोटिक्स चालली. त्यानंतर काकूही मला विचारून गोळ्या द्यायला लागली, याची मला उगाच ऐट होती.

"पोरगा किती समजूतदार झालाय," असं सगळे म्हणायचे. ते ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत. चौथ्या केमोला तुम्ही माझ्या हातातून फाईल काढून घेतलीत. "दोन तास मी आहे. तू जा."

"कुठे?"

खरंच सुचत नव्हतं, सिस्टर. शेवटी बाहेरच्या बाकावर जाऊन झोपलो. उठलो तर अंगावर तुमच्या वॉर्डातली चादर. आत गेल्यावर तुम्ही आईबद्दल काही बोललाच नाहीत. विचारलंत, "परीक्षा कधी आहे तुझी?" तेव्हा मी रडलो, आणि तुम्ही सलाइनचे थेंब मोजत उभ्या राहिलात. ते मोजायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्या दिवशी आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

आई बरी आहे. केस परत आले ते चक्क कुरळे. तपासणीला अजून जावं लागतं, पण फाईल आता ती स्वतःच धरते. मला हात लावू देत नाही.