सुध्याला पत्र, इगतपुरीच्या अक्षांशावरून

हिलो, हवाई
१४ जून

प्रिय सुध्या,

तुझा निरोप मिळाला. "कुत्र्या-मांजरांच्या विमानात घातलेल्या पैशांत गावच्या घराची कौलं परतून झाली असती. तिथं कुत्री मिळत नाहीत का?" दोन ओळींत तू मला उधळ्या आणि बावळट दोन्ही ठरवून मोकळा झालास. फोनवर भांडलो असतो, पण तुझी सकाळ उजाडते तेव्हा माझी आदल्या दिवशीची दुपार असते, आणि तुझं दुकान असतं. तेव्हा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो, म्हणजे काकूंना चित्र डोळ्यांसमोर येईल. नकाशात इगतपुरीवर बोट ठेव आणि सरळ पूर्वेला सरकवत ने. बंगालचा उपसागर ओलांड, व्हिएतनाम आणि चीनचं टोक ओलांड, मग नुसतं निळं पाणी. बोट कंटाळलं की जे बेट लागतं ते हे. अक्षांश जवळपास तोच, १९ अंश ४० मिनिटांच्या आसपास. पाऊसही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या तोडीचा. फरक एवढाच की चार महिन्यांत उरकून टाकण्याऐवजी इथे तो बाराही महिने थोडा थोडा चालू असतो. अळू, फणस, केळी, जास्वंद, चाफा सगळं आहे. अनघाचं ऑफिस गावात आणि तिच्या दुर्बिणी मौना केआ डोंगराच्या माथ्यावर, ४२०० मीटर उंचीवर. माझं काम काय, लॅपटॉप उघडेल तिथे. कॅलिफोर्निया सोडून इथे यायचं आमचं दोघांचं ठरायला एक संध्याकाळ पुरली. खरा प्रश्न बाकीच्या चौघांचा होता: मुक्ता, बंड्या, म्हाळसा आणि लाडू.

लाडू म्हणजे मुक्ताचा हॅमस्टर. तो आला नाही. येऊच शकला नाही, कारण हवाईत हॅमस्टर आणायला कायद्याने बंदी आहे. जर्बिललाही. गिनीपिग चालतो, ससा चालतो, हॅमस्टर नाही. मुक्ताने कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, सरकारी नियम आहे. बारा वर्षांच्या पोरीला एवढं उत्तर पुरत नाही. तिने स्वतः शोधून काढलं: इथली हवा हॅमस्टरला इतकी मानवेल की पिंजऱ्यातून निसटलेली एक जोडी रानात संसार थाटेल आणि मग ती पिलावळ आवरणार नाही. "म्हणजे लाडू वाईट नाहीये, बेट त्याच्यासाठी जास्तच चांगलं आहे," असं म्हणून तिने तो वर्गातल्या मैत्रिणीला दिला. सोबत वहीच्या पानावर सूचना: काकडी रोज नको, चाक रात्री कुरकुरतं त्याला खोबरेल लावायचं, 'लाडोबा' म्हटलेलं आवडत नाही. तेव्हा रडली नाही. विमानात रडली.

आता बंड्या आणि म्हाळसा. तू म्हणतोस तिथे दुसरी मिळाली नसती का. मिळाली असती. पण नऊ वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेला कुत्रा आणि तेरा वर्षांची खवट मांजर कॅलिफोर्नियात कोण घेणार होतं ते सांग. प्राणी-निवाऱ्यात अशांची रांग असते आणि ती पुढे सरकत नाही. शिवाय त्या दोघांना मी आणलं की त्यांनी मला, हे कोणाला नक्की सांगता येणार नाही, तेव्हा तो मुद्दा सोड.

त्यांना आणण्यात अडचण पैशांची नव्हती, रेबीजची होती. अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी रेबीज नाही असं हे एकच राज्य. मुख्य भूमीवर वटवाघळं, रॅकून, स्कंक यांच्यात तो आहे, इथे कधीच शिरला नाही. तो शिरू नये म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला पूर्वी सरसकट १२० दिवस कोंडून ठेवत. चार महिने, सुध्या. आता नियम सैल झालेत, पण तयारी केली असेल तरच. नाहीतर तेच १२० दिवस अजूनही वाट बघतायत.

तयारी अशी. आधी कातडीखाली मायक्रोचिप. मग रेबीजच्या दोन लशी, मध्ये तीस दिवसांहून जास्त अंतर. मग रक्ततपासणी. नुसती लस टोचली एवढ्यावर हवाईवाले विश्वास ठेवत नाहीत, ती अंगी लागली का ते बघतात. रक्तातली प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ युनिट किंवा जास्त भरली तर पास. आमचे नमुने कॅन्ससच्या विद्यापीठातल्या रेबीज प्रयोगशाळेत गेले. नमुना तिथे पोचल्यानंतर तीस दिवस उलटल्याशिवाय जनावराने हवाईत पाय ठेवायचा नाही. शेवटच्या पंधरवड्यात डॉक्टरचा दाखला आणि गोचिडांवरचं औषध. आणि सगळे कागद आपल्या आधी किमान दहा दिवस तिथे हजर. हे सगळं जमलं तर विमानतळावरूनच सुटका. आमच्या वेळी त्याची फी जनावरामागे १८५ डॉलर होती.

यात खरी धडधड एकदाच झाली. चिपचा आकडा पंधरा अंकी. रक्ताच्या नमुन्यासोबतच्या फॉर्मवर दवाखान्यातल्या कोणीतरी म्हाळसाचे दोन अंक उलटसुलट लिहिले होते. अनघाला सवय आहे, कुठलाही कागद आला की ती दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावते आणि आपण मूळ प्रतीवर बोट फिरवते, तिच्या वडिलांनी बँकेत आयुष्यभर केलं तसं. मी वाचत होतो, "आठ, तीन..." आणि ती म्हणाली, "तीन, आठ." चिपचा आकडा जुळला नाही तर तो निकाल दुसऱ्याच कुठल्या तरी मांजरीचा धरला जातो, आणि आपली मांजर १२० दिवस आत. दवाखान्यात फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणे, "दोनच तर अंक आहेत." शेवटी त्यांच्याकडून प्रयोगशाळेला दुरुस्तीचं पत्र गेलं आणि नवा निकाल छापून आला. तोवर अनघाने घरात कोणाशी धड बोलणं टाकलं होतं.

तुला हा सगळा कारभार अती वाटेल. मला वाटला नाही, त्याचं कारण तुझ्याच आळीतलं. पाटणकरांच्या बाबूला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, आठवतं? रोज पोटात इंजेक्शन, चौदा दिवस. आपण दवाखान्याच्या खिडकीखाली उभे राहून त्याचं ओरडणं ऐकायचो. ती जुनी लस गेली हे बरंच झालं, पण रेबीज गेला नाही. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं अजून आपल्याच देशात मरतात. ज्या गावात तो आलाच नाही, तिथली माणसं दारावर चौकशी करत असतील तर करू देत.

प्रवास मात्र वाटला होता तितका अवघड गेला नाही. पिंजरे महिनाभर आधीच दिवाणखान्यात आणून ठेवले आणि दोघांचं जेवण आतच द्यायला लागलो. बंड्याने पहिल्याच दिवशी तो आपला बंगला मानला. म्हाळसा आठवडाभर बाहेरून पंजाने भाताचा कण कण ओढून खात बसली, मग एका दुपारी आत झोपलेली दिसली. गुंगीचं औषध द्यावं का विचारलं, तर डॉक्टर ठाम नाही म्हणाले, हवेत असताना रक्तदाब आणि श्वास दोन्ही बिघडू शकतात. मुद्दाम सकाळचं विमान घेतलं, कारण होनोलुलूला उशिरा उतरलं की तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते. तिथे उतरल्यावर जनावर आपल्या हातात देत नाहीत. विमान कंपनीचा माणूस परस्पर क्वारंटाइनच्या कचेरीत नेतो. आम्ही बाहेर बाकावर. आत एक बाई चिपवर यंत्र फिरवून आकडा वाचते, कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधते. बंड्या पोट वर करून पडला म्हणे. म्हाळसाने काय केलं ते त्या बाईने सांगितलं नाही, पण तिच्या मनगटावर नवं बँडेज होतं. तिथून हिलोचं विमान तासाभराचंही नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो. पहिल्याच आठवड्यात हिलोच्या उत्तरेकडच्या हमाकुआ किनाऱ्याच्या रस्त्यावर बंड्या एकदम ताठ झाला. समोरून एक मुंगूस रस्ता ओलांडून गेला. आपला मुंगूस, सुध्या! विहिरीमागच्या गडग्यातून निघायचा त्याचाच धाकटा भाऊबंद. शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारलं तर म्हणाले, इथले उसाचे मळेवाले हे धंदे करून ठेवून गेले. उसाला उंदीर लागले होते, म्हणून १८८३ साली जमैकाहून ७२ मुंगूस आणून याच किनाऱ्यावर सोडले. आणि जमैकात ते आले होते हिंदुस्तानातून, अकरा वर्षं आधी. उंदीर फिरतात मुख्यतः रात्री, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पडणार कधी? मुंगसाने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाल्ली. नेने नावाचा इथला बदक-हंसासारखा पक्षी, आता राज्यपक्षी आहे, तो १९५०च्या सुमारास तीसेक उरला होता. शिकार वगैरे कारणंही होती, पण मुंगसाने हातभार लावलाच. काउआई बेटावर मात्र मुंगूस रुजला नाही. गोष्ट अशी सांगतात की पेटी उतरवताना एक मुंगूस हमालाला चावला आणि त्याने चिडून अख्खी पेटी धक्क्यावरून समुद्रात ढकलली. खरंखोटं देव जाणे, मला त्या हमालाचा पुतळा बघायला आवडेल.

साळुंकीही आपलीच. १८६५ साली अळ्या खायला म्हणून भारतातून आणली. सकाळी तारेवर बसून भांडतात तेव्हा डोळे मिटले की तुझं अंगण. रात्री मात्र कोकी बेडूक. हा पोर्तो रिकोहून रोपांच्या कुंड्यांतून चुकून आला, रुपयाएवढा जीव, आणि आवाज असा की पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. माणूस सोडला तर इथली मूळची जमिनीवरची सस्तन प्राण्यांतली जात एकच, वटवाघूळ. बाकी सगळे कोणीतरी आणलेले किंवा कोणाच्या तरी सामानातून आलेले. जमिनीवर मूळचे साप नाहीत. कोणी पाळायला आणला तर दंड दोन लाख डॉलरपर्यंत आणि वर तुरुंग. हे कळल्यावर मुक्ता लाडूबद्दल पुन्हा बोलली नाही, फक्त मुंगूस दिसला की म्हणते, "याचे कागद कोणी बघितले होते?"

म्हाळसाला म्हणून बाहेर सोडत नाही. मांजराच्या विष्ठेतून एक परजीवी पाण्यातून समुद्रात जातो आणि इथले दुर्मिळ मंक सील त्याने मरतात, नेनेही. तिला जाळीचा व्हरांडा दिलाय. तिथे ती पालींची शाळा घेते.

त्रास नाहीत असं नाही. डास बाराही महिने, त्यामुळे बंड्याला हृदयातल्या जंतांची गोळी दर महिन्याला. लेप्टोची लस, ओढ्याचं पाणी प्यायला बंदी. २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय झालं ते आपण बघितलंय, तेव्हा ते समजावून सांगावं लागलं नाही. गोगलगायी उंदरांकडून फुप्फुसाचा एक जंत घेतात आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो, म्हणून पालेभाजीचं पान न् पान धुवायचं आणि बंड्याचं पाण्याचं भांडं रात्री आत. आणि लिटल फायर अँट. तिळाच्या निम्म्या आकाराची तांबूस मुंगी, झाडावरून पावसासारखी पडते. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांना चावते, मग बुबुळावर पांढुरके ढग येतात. बंड्याचा एक डोळा आधीच गेलेला, त्यामुळे मी या बाबतीत अनघाहून वेडा झालोय. तपासायची रीत मोठी झकास आहे: चॉपस्टिकच्या टोकाला शेंगदाण्याचं लोणी अगदी पातळ फासायचं, कुंड्यांच्या बुडाशी, झाडांच्या बेचक्यांत खोचून ठेवायच्या आणि तासाभराने बघायच्या. पहिल्या खेपेला परसातल्या फणसाखालची काडी तांबूस होऊन हलत होती. तेव्हापासून फणसाखाली बंड्याला मनाई आहे आणि मी दीड महिन्याने आमिष-औषध घालतो. फणस बाकी उत्तम लागतो, कापा आहे.

डिसेंबरात तुम्ही दोघं येताय हे पक्कं धरतो. वहिनींना सांग, भाकरवडी आणि गोडा मसाला आणा, दोन्ही जास्तच आणा. कढीपत्त्याची काडी, आंब्याची कोय, कसलंही बी, माती लागलेली हळकुंडं यातलं काही बॅगेत नको. येताना एक फॉर्म भरायचा असतो, त्यावर झाडपाला-जनावरांबद्दल खरं खरं लिहायचं. आणि ट्रेकचे बूट निघायच्या आधी घासून धू, तळव्यांच्या खाचांसकट. आणलेस तसेच चिखलाचे तर बंड्या तुला ओळखेल, पण मी घरात घेणार नाही.

काकूंना नमस्कार. कौलांचा हिशोब पाठव, निम्मे मी देतो.

तुझा,
विन्या