आधी 400, मग 8

चि. सोनू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फ्रँकफर्टहून बोइंगच्या 747 ने, म्हणजे जंबो जेटने, कुठेतरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी 747 नेच परत यायचं, हा तुझा बेत आईने मला सांगितला. तिचा आवाज चढलेला होता. "एवढे युरो भरून नुसतं विमानात बसायचं?" तिचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचलंच असेल, आता माझं ऐक. तू जा. पैसे तुझे, रजा तुझी, आणि जंबो जाण्याआधी त्यात बसून घ्यायचं, हे कारणही चांगलं आहे.

बोइंगने शेवटचं 747 दिलं ते 31 जानेवारी 2023 रोजी, अ‍ॅटलस एअरला, आणि तेही मालवाहू. एकूण 1574 झाली. प्रवासी घेऊन उडणारी आता मोजक्याच कंपन्यांकडे उरलीत. आपल्या एअर इंडियाच्या जंबोंनी प्रवासी नेले ते मार्च 2021 पर्यंत. एप्रिल 2024 मध्ये त्यांतलं 'आग्रा' नावाचं विमान मुंबईहून अमेरिकेला गेलं, सुटे भाग काढण्यासाठी. उडाल्यावर वैमानिकाने दोन्ही पंख हलवून निरोप घेतला, तो व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. मी तो अजून जपून ठेवलाय.

हे विमान मागे का पडलं, ते विमानांची देखभाल करणाऱ्या आम्हा हँगरवाल्यांना आधीच कळत होतं. 1985 पासून दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून 120 मिनिटांच्या अंतरापर्यंत जायची मुभा मिळू लागली आणि समुद्र ओलांडायला दोनपेक्षा जास्त इंजिनं लागतात हा नियमच ढिला झाला. चार इंजिनं म्हणजे इंधन जास्त, तपासण्या दुप्पट, सुटे भाग दुप्पट. दोन इंजिनांची 777 आणि 787 आल्यावर हिशेब संपलाच. इंजिनिअर म्हणून मला तो हिशेब पटतो, पण जंबोवर प्रेम करायला तो कुठे आड येतो?

तुझ्यासारखी माणसं जगभर आहेत हे आईला खरं वाटत नाही. तिला बिमान बांगलादेशची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 2014 मध्ये त्यांचं डीसी-10 हे तीन इंजिनांचं जुनं विमान शेवटच्या नियमित फेरीला निघालं, ढाक्याहून बर्मिंगहॅमला. त्या एका फेरीसाठी लोक देशोदेशींहून ढाक्याला आले होते. पुढे बर्मिंगहॅमहून उडून तिथेच उतरणाऱ्या खास फेऱ्या झाल्या, त्यांचीही तिकिटं लोकांनी घेतली. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला केएलएमने अ‍ॅम्स्टरडॅमहून एमडी-11 च्या, म्हणजे डीसी-10 च्या पुढच्या आवृत्तीच्या, अशाच तीन फेऱ्या केल्या. त्यानंतर ही दोन्ही विमानं नियमित प्रवासी सेवेत उरली नाहीत. आई ऐकून म्हणाली, "म्हणजे वेडे बरेच आहेत." तेवढ्यावर थांबली, हेही पुष्कळ झालं.

आता माझं खरं सांगणं. तू 747-8 च्या मागे आहेस. नवं आहे, लांब आहे, इंजिनांच्या मागच्या कडेला ते करवती दाते आहेत, सगळं मान्य. पण लुफ्तान्साकडे जुनी 747-400 सुद्धा आहेत आणि आधी तीच जाणार. म्हणून आधी 400 पकड. आणि वरच्या मजल्याचा हट्ट सोड. तिथे बिझनेस क्लास आहे, भाडं भारी. साठच्या दशकात सगळ्यांना वाटत होतं की प्रवासी पुढे आवाजापेक्षा वेगवान विमानांतून जातील आणि 747 माल वाहील. नाक उघडून माल भरता यावा म्हणून कॉकपिट वर चढवलं, त्यामागे उरलेली जागा म्हणजे तो मजला. त्याचा रुबाब आहे, नाही असं नाही. पण जंबोची खरी करामत पंखात आहे आणि वर बसून पंखाचं काम नीट दिसत नाही.

तू खालच्या इकॉनॉमीत पंखाची मागची कड जिथे संपते त्याच्या चार-पाच ओळी मागे खिडकी घे. ऊन येणार नाही ती बाजू बघ. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली सरकणारे भाग; आकडा जितका मोठा तितके ते जास्त खाली. उडताना ते 10 किंवा 20 वर असतात, तेव्हा फारसं कळत नाही. उतरताना बघ. वैमानिक 25 किंवा 30 मागतो तेव्हा 400 चा प्रत्येक फ्लॅप हातात पत्ते पसरावेत तसा तीन तुकड्यांत उलगडतो आणि मधल्या फटींतून खालची जमीन दिसते. खालची हवा त्या फटींतून वर येते आणि फ्लॅपच्या पाठीला धरून वाहते, म्हणून एवढं अवजड धूड इतक्या कमी वेगात उतरू शकतं. 747-8 वर हे सोपं केलंय: आतल्या फ्लॅपला दोन फटी, बाहेरच्याला एकच. वजन कमी झालं, आवाज कमी झाला, देखभालही. पण ते तीन तुकड्यांचं उलगडणं गेलं.

आम्ही नाइट शिफ्टला हे फ्लॅप पूर्ण खाली सोडून ग्रीसिंग करायचो. शिडीवर उभं राहून, फ्लॅप ज्यावर सरकतो त्या ट्रॅकच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, ग्रीसची गन लावायची आणि काळं जुनं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ नवं दिसेपर्यंत दाबत राहायची. घाईत कुणी दोन दाबांत सोडलं तर सुपरवायझर बोटाने पुसून बघायचा आणि पुन्हा चढवायचा. तू खिडकीतून बघशील तेव्हा त्या ट्रॅकवरही कुणाचे तरी हात फिरलेले असतील.

तिकीट काढण्याआधी वेळापत्रकातला कोड बघ: 744 म्हणजे 400 आणि 74H म्हणजे 747-8. ऐनवेळी विमान बदलू शकतं, कंपनी त्याच विमानाची हमी देत नाही, म्हणून परतीचंही जंबोचंच ठेवलंस ते बरं केलंस. एक तरी मिळायची आशा वाढते.

अजून एक, आणि यात मी ऐकणार नाही. जुन्या, छोट्या, हौशी विमानांच्या सफरी दिसतील, तिथे आधी मला विचार. 4 ऑगस्ट 2018 रोजी स्वित्झर्लंडमध्ये 1939 सालचं युंकर्स 52 डोंगरात पडलं, वीसच्या वीस माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी घेतलेला धोका हे कारण निघालं, पण देखभालीतल्या त्रुटीही उघड झाल्या. जुनं विमान असणं हा दोष नाही. त्याची देखभाल कोण करतं, किती माणसं, किती तास, हे विचारायला लाजू नकोस. उत्तर नीट मिळालं नाही तर चढायचं नाही.

तारीख ठरली की विमानाचा नोंदणी क्रमांक कळव, इथून मी त्याचा माग ठेवीन. उतरतानाचा व्हिडिओ काढ, पण फ्लॅप 30 वर गेल्यावर फोन खाली ठेव आणि डोळ्यांनी बघ. आईचं मी बघतो.

तुझे,
बाबा