कर्ली नदीतल्या काकींना

काकी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. फोन नंबरही घेतला नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. तारकर्ली-देवबागकडचं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोहोचवेल.

त्या सकाळी नऊच्या सुमारास आम्ही तिघं भाड्याच्या कॅनूत बसून कर्लीतून वर निघालो. मी, नवरा आणि साडेचार वर्षांची लेक. वल्हं अगदी हलकं लागत होतं. भरतीच आम्हाला आत नेतेय, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. कांदळवनातल्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरलो. लेकीला खंड्या दिसला, चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली तिवरांची मुळं दिसली. तिथेच रमलो. परत फिरायला गेलो तेव्हा कॅनूचा तळ चिखलाला टेकला होता. पाणी डोळ्यांदेखत निघून चाललं होतं, वर ऊन, आणि बाटलीत घोटभर पाणी. नवरा खाली उतरून ढकलणार, तेवढ्यात तुमचा आवाज आला.

"उतरू नकात! चिखल गिळतलो."

तो आवाज मला अजून ऐकू येतो, काकी. तुम्ही तुमची उलांडीची होडी, बाजूला आधाराचं लाकूड बांधलेली, हळूहळू जवळ आणलीत, आधी लेकीला आणि मग मला तुमच्या होडीत घेतलंत. आमची कॅनू हलकी झाल्यावर दोर बांधून मुख्य पात्रापर्यंत ओढलीत. तिथे अजून खोल पाणी होतं.

मग तुम्ही लेकीचं लाइफ जाकीट दोन्ही खांद्यांना धरून वर उचललंत. ते सरळ तिच्या कानांपर्यंत आलं. पोर पाण्यात पडली असती तर जाकीट वर तरंगलं असतं आणि ती खाली सरकली असती. आम्ही समोरचे बंद घट्ट ओढले होते आणि तेवढ्यावर निर्धास्त होतो. तुम्ही माझी ओढणी मागून घेतलीत, तिच्या पायांमधून काढून जाकिटाला पुढूनमागून बांधलीत. लहान मुलांना घेऊन पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते. आम्ही पायांमधून पट्टा येणारं आणि मानेमागे आधार असणारं जाकीट घेतलंय. तरी दर वेळी तसंच खांद्यांना धरून उचलून बघते.

"आज तिथ खयची?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आम्ही दोघं गप्प. चतुर्दशी होती. तिथीची पाऊणपट करायची, चौदाची साडेदहा, ती भरतीची वेळ. त्यानंतर सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी. रोज पाऊण तास पुढं. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, हेही तुम्हीच सांगितलंत. चतुर्दशी म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो तेव्हा, एवढं सुकलं नसतं. तुम्ही भेटला नसता, तर पुन्हा तरंगायला आम्हाला अंधार पडेपर्यंत बसावं लागलं असतं, लेकीला मांडीवर घेऊन.

तुमच्या घरी उकड्या तांदळाची पेज मिळाली. लेकीनं दोन वाट्या प्यायल्या आणि तुमच्या मांडीला टेकून झोपली. सुकतीचं पाणी देवबागच्या संगमाकडे, समुद्राकडे ओढतं, म्हणून परतताना धक्क्यापर्यंत तुम्ही होडी घेऊन आमच्या शेजारून आलात.

धक्क्यावर तुमच्या होडीतली रिकामी टोपली पाहिली, तेव्हा कुठे मला उमगलं. सुकती ही तुमची कामाची वेळ. मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला तुम्ही त्या पाण्याची वाट बघत होतात, आणि ती सगळी वेळ आमच्यात गेली. आम्ही पैसे पुढे केले, तर तुम्ही हात मागे घेतलात. "मुळे काय, उद्याव गावतले," एवढंच म्हणालात.

काकी, तुम्ही एका शब्दानं रागावला नाहीत. रागावण्यासारखं खूप होतं. लहान पोराला घेऊन न विचारता, पाणी न ओळखता आत शिरलो होतो. माझं लेकरू त्या रात्री सुखरूप माझ्या कुशीत झोपलं, ते तुमच्यामुळे. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही, तरी मनापासून मानते.

आम्ही मार्गशीर्षात पुन्हा येतोय, तिथी बघून, पाणी सुकायच्या आत. या खेपेला तुमची टोपली भरायला आम्हाला सोबत न्या.

तुमची,
त्या ओढणीवाल्या चेडवाची आई